सेमाडोह : डोह मोठा, जीव मात्र डबक्यात

मेळघाटात जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वाघ दिसला का?" दिसला नाही म्हटले की विचारणारा हळहळतो आणि याचा सगळा खर्च पाण्यात गेला असे समजतो. वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात वाघ नाही. अस्वल, गवा, रानकुत्रा यांपैकीही कुणी नाही. सेमाडोहच्या रस्त्याकडेला, शेतांच्या बांधाशी आणि सिपना नदीकाठच्या खडकांत पावसाळ्यात जी घोटाभर, गुडघाभर पाण्याची डबकी साचतात, त्यांत काय चालते तेवढेच येथे सांगायचे आहे. ते पाहायला जिप्सीचे भाडे लागत नाही आणि दुर्बीणही लागत नाही. एस.टी.चे तिकीट, एक बॅटरी आणि थोडा धीर एवढ्यात काम भागते. आपल्या वस्तीतल्या मुलांना घेऊन जाऊन दाखवावी अशी ही गोष्ट आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सेमाडोहची वाट

अमरावतीहून परतवाडा साधारण पन्नास किलोमीटर आहे. अकोल्याकडची मंडळी दर्यापूर, अंजनगाव करून परतवाड्याला येतात. तिथून धारणीकडे जाणारी गाडी धरायची. बिहाली मागे पडले की सपाट वऱ्हाड संपतो आणि घाट सुरू होतो. घटांगला चिखलदऱ्याचा फाटा लागतो, तिकडे न वळता पुढे जायचे. मग सागाच्या जंगलातून वळणे घेत गाडी सेमाडोहला उतरते. गाव चिखलदरा तालुक्यात आहे. पावसाळ्यात या रस्त्याने जाताना खिडकीची काच उघडी ठेवावी. ओल्या मातीचा आणि सागाच्या पानांचा असा वास गावाकडच्या माणसालाही रोज मिळत नाही.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतला हा मुलूख. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटची निवड झाली. महाराष्ट्रातला तो पहिला व्याघ्र प्रकल्प. पुढे १९८७ मध्ये त्यातच गुगामल राष्ट्रीय उद्यान झाले. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार अशा पाच नद्या या डोंगरांतून वाहतात आणि त्यांचे पाणी तापीला जाते. सेमाडोह सिपनेच्या काठी वसले आहे. सिपना म्हणजे कोरकू भाषेत साग. कोरकू ही इथल्या आदिवासी बांधवांची बोली. ती मराठीच्या किंवा हिंदीच्या गोतातली नाही. झारखंडकडच्या संथाळी आणि मुंडारी भाषांची ती नातलग आहे, आणि त्या कुळातली सर्वांत पश्चिमेकडची भाषा आहे.

डोह वेगळा, डबके वेगळे

गावाच्या नावातच डोह आहे. उन्हाळ्यात सिपनेची धार तुटते, वाळू आणि खडक उघडे पडतात, आणि नदीच्या खोल भागात तेवढे पाणी उरते. तो डोह. चैत्र-वैशाखात जंगलातल्या जनावरांचा आणि गावच्या गुरांचा जीव अशा डोहांवर तगतो. त्यामुळे डोहाला मान आहे, नाव आहे. डबक्याला कुणी नाव ठेवत नाही, म्हणजे चांगले नाव ठेवत नाही. डबके म्हटले की घाण, चिखल आणि डास एवढेच आपल्या मनात येते.

बेडकाची गोष्ट मात्र उलटी आहे. बारमाही पाणी हाताशी असताना बेडकांच्या कितीतरी जाती अंडी घालायला डोह सोडून डबक्याकडे येतात. कारण सोपे आहे. डोहात मासे असतात. बेडकाच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखे कवच नसते. साबुदाण्याच्या खिरीसारखा मऊ, चिकट पदार्थ आणि त्यात काळा ठिपका, एवढेच ते अंडे. माशाला तो घासच. जे डबके दर उन्हाळ्यात आटते त्यात मासा टिकत नाही. शिवाय उथळ पाणी उन्हाने लवकर तापते, त्यात शेवाळ लवकर धरते, आणि पिल्लांची वाढ भराभर होते. म्हणजे ज्या आटण्याला आपण डबक्याचा दोष समजतो, तेच आटणे पिल्लांचे राखण करते. डोह बारा महिने भरलेला असतो म्हणून तो माशांचा. डबके आठ-नऊ महिने कोरडे असते म्हणून ते बेडकांचे.

सगळ्याच जाती असे करत नाहीत. पाण्याच्या पृष्ठभागावरून टपटप उड्या मारत पळणारा एक करडा बेडूक आपण विहिरीत आणि तलावात नेहमी पाहतो. त्याला डोहही चालतो. पण पावसाळ्याच्या रात्री जो गलका ऐकू येतो, तो बहुतेक डबक्यांवरच्या पाहुण्यांचा असतो.

त्यांचा वसंत, आपला मृग

ही रीत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेच्या ईशान्य भागात हिवाळ्यातला बर्फ वितळला की मार्च-एप्रिलमध्ये जंगलात उथळ तळी भरतात आणि उन्हाळा सरता सरता आटतात. वसंतातली पहिली ऊबदार पावसाळी रात्र आली की जंगलातले बेडूक आणि सॅलॅमँडर जमिनीतून निघून या तळ्यांकडे चालू लागतात. सॅलॅमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतावळ्यातला मऊ कातडीचा प्राणी. मॅसॅच्युसेट्स नावाच्या राज्यात अशा तळ्यांची सरकारदप्तरी नोंद होते. नागरिक स्वतः जाऊन अंड्यांचा पुरावा गोळा करतात आणि अर्ज करतात. सात-बारा उताऱ्यावर डबक्याची नोंद व्हावी तसाच हा प्रकार.

वऱ्हाडात वसंत कोरडा असतो. पळस फुलतो, मोहाची फुले गळतात, पण पाणी कुठेच नसते. आपल्या बेडकांचा वसंत मृग नक्षत्रावर येतो. शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो, त्याच पावसाची वाट जमिनीखाली दडलेला बेडूक पाहत असतो. पेरणीचा आणि अंड्यांचा मुहूर्त एकच.

एक संध्याकाळ आणि एक सकाळ

गेल्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेची नऊ मुले, चार पालक आणि मी असे चौदा जण सेमाडोहला गेलो होतो. पावसाळ्यात जंगलातल्या आतल्या सफारी बंद असतात. आम्हाला आत जायचेच नव्हते. ओळखीच्या एका शिक्षकांच्या घरी मुक्काम केला आणि गावाच्या शिवेबाहेर पाऊल टाकायचे नाही असे मुलांना आधीच बजावले. नदीला पाणी आले होते, त्यामुळे पात्राकडेही लांबूनच पाहिले.

दुपारी दोन सरी येऊन गेल्या होत्या. दिवेलागणीला पहिला आवाज आला. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवावे तसा, करर्र करर्र. मुलांना वाटले, मोठा थोरला बेडूक असेल. बॅटरी मारून शोधले तर गवताच्या बुडाशी सापडला अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा, पाठीवर तपकिरी नक्षी असलेला चिमुकला जीव. गळ्याखालची पिशवी फुगली की त्याच्या अंगाएवढी होत होती. मग एकेक आवाज मिसळत गेला. कुणी टकटक करी, कुणी रेड्यासारखा हंबरे. अर्ध्या तासात एवढा कल्लोळ झाला की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले. ओरडतात ते सारे नर. ज्याचा आवाज पसंत पडेल त्याच्याकडे मादी जाते.

पाण्याच्या टाकीवर झुकलेल्या एका फांदीच्या पानाला साबणाच्या फेसासारखा पांढरा गोळा चिकटलेला होता. एका मुलाने तो थुंकी समजून नाक मुरडले. ते झाडावरच्या बेडकाचे घरटे होते. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी ठेवते. बाहेरचा फेस सुकला तरी आत ओल राहते. पिल्ले जरा मोठी झाली की घरटे विरघळते आणि ती टपाटप खालच्या पाण्यात पडतात. जिथे खाली पाणी नाही तिथे ही मादी घरटे बांधत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या शेताच्या बांधाशी साचलेल्या पाण्यात हळद फासल्यासारखे पिवळेजर्द बेडूक दिसले. गालाच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या. हा आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक. एरवी तो शेवाळी रंगाचा असतो, पहिल्या पावसात थोडे दिवस नर असा पिवळा होतो आणि मग पुन्हा पहिल्यासारखा. २०२० च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरकडच्या अशाच पिवळ्या बेडकांची चित्रफीत देशभर मोबाईलवर फिरली होती. कुणी त्यांना विषारी म्हटले, कुणी परदेशातून आलेले म्हटले. ते आपलेच, आपल्या बांधावरचे बेडूक होते.

शेताचे मालक एक वयस्कर कोरकू बाबा होते. आम्ही वाकून काय पाहतो आहोत ते पाहायला तेही आले.

"बाबा, उन्हाळ्यात हे कुठे असतात?" मुलांनी विचारले.

बाबांनी पायाने जमीन दाबून दाखवली. "हितंच. खाली. पानी आला की वर येते, पानी गेला की खाली जाते. नांगर लावला तं कधी निघते बी."

पुस्तकातही हेच आहे. काही जातींच्या मागच्या पायाला कुदळीच्या पात्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरत बेडूक उलटा, म्हणजे आधी मागचा भाग अशा रीतीने, जमिनीत उतरतो. तिथे ओल धरून तो महिनोन्‌महिने पडून राहतो. श्वास मंद, भूक मंद. एक जात तर अशी की फुगली म्हणजे चेंडूच दिसावी. तिचे मुख्य खाणे वाळवी आणि मुंग्या. जमिनीत राहणाऱ्याला जमिनीतलेच जेवण.

आठवीतल्या एका मुलीने काचेच्या ग्लासात डबक्याचे पाणी घेतले. त्यात शेपटीची पिल्ले होती, शाळेच्या पुस्तकात ज्यांना बेडूकमासे म्हणतात ती. काही काळीभोर, थव्याने फिरणारी; ती भेकाची. काही पारदर्शक, इतकी की फक्त डोळ्यांचे दोन ठिपके मोहरीसारखे दिसावेत. ती आदल्या रात्रीच्या कंगवावाल्याची. पिवळ्या मोठ्या बेडकाची पिल्ले मात्र तिखट असतात. ती दुसऱ्यांची पिल्ले खातात, प्रसंगी आपल्या भावंडांनाही सोडत नाहीत. मुलीने पिल्ले मोजली, वहीत लिहिली आणि पाणी होते तिथेच सोडले. आमच्याबरोबर बांधकामावर मजुरी करणारी एक भगिनी होती. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "बाई वं, हे तं समदं बाळंतिणीचंच गाव हाय."

उघाड पडली तर

या गावाची एकच काळजी असते, पाणी किती दिवस टिकेल? अंड्यातून निघालेल्या पिल्लाला आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. कल्ल्यांच्या जागी फुप्फुसे येतात, शेपटी अंगात जिरते. याला जातीप्रमाणे साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस डबके भरलेले राहिले तर पिल्लू उडी मारून बाहेर पडते. त्याआधी आटले तर सगळा संसार चिखलात संपतो. पाणी कमी होऊ लागले की बऱ्याच जातींची पिल्ले वाढीची घाई करतात आणि लहान अंगानेच बाहेर पडतात. लवकर बाहेर पडलेले पिल्लू दुबळे असते, त्याला जगणे कठीण जाते.

वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मृगाचा पाऊस पडतो, शेतकरी पेरतो, आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहते. कोवळे कोंब करपतात. उधार-उसनवार करून दुबार पेरणी करावी लागते. शेतात मजुरीला जाणाऱ्या बायकांचे रोज बुडतात. त्याच उघाडीत डबक्यातली पिल्लेही मरतात. काही जाती पावसाळाभर पुन्हा पुन्हा अंडी घालतात, ती त्यांची दुबार पेरणी. पावसाचे वेळापत्रक बिघडत चालले आहे असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा पहिला हिशेब घोटाभर पाण्यात होतो.

कातडीने पाणी पिणारा प्राणी

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो ओल्या जागी बसतो आणि कातडीतून पाणी शोषून घेतो. श्वासाचाही बराच भाग कातडीतूनच होतो. त्यामुळे पाण्यात जे मिसळले असेल ते सरळ त्याच्या अंगात जाते. विष आले तर त्याला अडवायला त्याच्यापाशी काही नाही.

येथे मला आपल्या माणसांची आठवण येते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली, आणि त्यांतले अनेक जण दगावले. ना हातमोजे, ना तोंडाला धड फडके, अंगावर भिजलेला सदरा. विष कातडीतून आत गेले, श्वासातून आत गेले. फवारणीचे पाणी बांधाकडे वाहते आणि तिथल्या डबक्यात उतरते. मजुराच्या अंगावर जे विष उडते तेच बेडकाच्या घरात साचते. ज्या शेतात पूर्वी पावसाळ्यात पाऊल टाकायला जागा नसे इतके बेडूक असत, तिथे आता शुकशुकाट असेल, तर त्या शेतात फवारणीला जाणाऱ्या माणसानेही सावध व्हायला पाहिजे.

बेडूक शेतात काय करतो? रात्रभर किडे खातो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपला देश दरवर्षी हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी हॉटेलांसाठी निर्यात करत होता. रात्री कंदील घेऊन चिखलात उतरणारे हात गरिबांचे, आणि परकीय चलन दुसऱ्यांचे. बेडूक कमी झाले तर पिकांवरची कीड वाढेल, आणि मग त्याच पैशातून कीटकनाशके आणावी लागतील, हे अभ्यासकांनी दाखवून दिले. शेवटी १९८७ मध्ये केंद्र सरकारने ही निर्यात बंद केली.

आजही संकट टळलेले नाही. २०२३ मध्ये जगभरातल्या शास्त्रज्ञांनी बेडूक आणि त्याच्या गोतावळ्यातल्या आठ हजारांवर जातींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांच्या मते शंभरातल्या सुमारे एकेचाळीस जाती नाहीशा होण्याच्या वाटेवर आहेत. पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्यापेक्षा ही अवस्था वाईट आहे.

कुपोषणाच्या मेळघाटात बेडूक?

आमच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने स्पष्टच विचारले, "साहेब, जिथे लेकरं मरतात तिथे तुम्ही बेडूक पाहायला जाता?" प्रश्न रास्त आहे. १९९३ पासून मेळघाटचे नाव बालमृत्यूंच्या बातम्यांत आले आणि अजून ते पुसले गेलेले नाही. पावसाळा हाच तिथल्या लेकरांचा सर्वांत कठीण काळ. घरातले धान्य संपत आलेले असते, आजार वाढतात, नाल्यांना पूर येऊन दूरची गावे तुटतात. ज्या पावसाने डबके भरते त्याच पावसाने दवाखान्याची वाट बंद होते. सेमाडोहला रस्ता आहे, आतल्या पाड्यांचे तसे नाही.

म्हणून मेळघाटात जाणाऱ्याने डबके पाहावे आणि पाण्यापलीकडचे पाडेही पाहावे. कोरकू माणसाचे पोट जंगलावर, नाल्याच्या पाण्यावर आणि पावसावरच्या छोट्या शेतावर चालते. जंगलातली ओल गेली, बांधावरचे किडे खाणारे गेले, पाणी विषारी झाले, तर पहिला फटका त्यालाच बसेल. शहरात पाण्याची बाटली विकत मिळते. पाड्यावर ती सोय नाही.

धोंडी आणि पाऊस

पाऊस लांबला की आपल्या वऱ्हाडात अजून काही ठिकाणी धोंडी काढतात. बेडूक मुसळाला किंवा काठीला बांधायचा, कडुनिंबाचा पाला लावायचा आणि घरोघरी पाणी ओतून घेत फिरवायचा. कुठे बेडकाबेडकीचे लग्न लावतात. मुलांना त्यात गंमत वाटते हे खरे, आणि दाणापाणी मिळते हेही खरे. पण बेडूक ओरडतो म्हणून पाऊस पडत नाही. हवेत ओल वाढली, सरी आल्या, म्हणजे तो ओरडतो. कारण कोणते आणि परिणाम कोणता हे घरातल्या लेकरांना समजावून द्यावे. उन्हात बांधून फिरवलेला बेडूक संध्याकाळपर्यंत कातडी सुकून मरतो. ज्याने हजारो अंडी घातली असती त्यालाच पावसाच्या नावाने मारायचे, यात शहाणपण नाही.

रस्ता ओलांडणारे

सेमाडोहच्या सकाळी आम्ही आणखी एक गोष्ट पाहिली. डांबरी रस्त्यावर चिरडलेले बेडूक. मुलांनी गावाच्या हद्दीतल्या थोड्याशा अंतरात मोजायला सुरुवात केली आणि तिसाच्या पुढे गेल्यावर थांबवली. पावसाच्या रात्री बेडूक जमिनीतून निघून पाण्याकडे चालतात, वाटेत रस्ता येतो, ओला रस्ता त्यांना पाण्यासारखाच वाटतो. गाडीवाल्याला ते दिसतसुद्धा नाहीत.

आपल्याला वर्षावासाची कथा ठाऊक आहे. पावसाळ्यात भिक्खू फिरतात, हिरवे अंकुर तुडवतात, लहान जीवांना मारतात, अशी लोकांनी तक्रार केली, आणि भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. आषाढ पौर्णिमा ते अश्विन पौर्णिमा. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांना पायाखालचा जीव दिसत होता. आपण तीन महिने घरी बसू शकत नाही, नोकरी-मजुरी आहे. पण पावसाच्या रात्री जंगलातून जाताना गाडीचा वेग कमी करणे आपल्या हातात आहे.

अमेरिकेतल्या अॅम्हर्स्ट या गावात १९८७ मध्ये सॅलॅमँडरांसाठी रस्त्याखालून दोन छोटे बोगदे केले. आपल्याकडे पेंचच्या जंगलात नागपूर-जबलपूर महामार्गावर वन्यप्राण्यांना खालून जाता यावे म्हणून उंच पूल बांधले आहेत. वाघासाठी पूल होतो, तर बेडकासाठी एखादी मोरी साफ ठेवणे अवघड नाही. रस्त्याखालच्या मोऱ्या कचऱ्याने तुंबल्या नाहीत तर पाणीही जाते आणि बेडूकही जातो.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

पहिले दोन-तीन मोठे पाऊस होऊन गेल्यावर, जूनअखेर ते जुलैचा काळ उत्तम. मुक्कामाची सोय आधी विचारून ठेवावी, शेवटची गाडी किती वाजता आहे ते परतवाड्यालाच पाहून घ्यावे. वनविभागाच्या परवानगीशिवाय जंगलात शिरू नये. पुराच्या नदीत, खडकावर लेकरांना उतरू देऊ नये. रात्री अंगभर कपडे, पायात बूट आणि हातात बॅटरी पाहिजेच. बेडूक असतात तिथे साप येतात, म्हणून गवतात हात घालू नये. बेडूक शक्यतो हातात घेऊ नये. घेतलाच तर हात आधी साध्या पाण्याने ओला करावा, साबण, तेल, डासांचे मलम लागलेले नसावे, आणि नंतर हात धुवावेत. भेकाच्या डोळ्यामागच्या फुगीर ग्रंथीत विष असते, तो हात डोळ्याला लागला तर झोंबतो. पिल्ले बाटलीत भरून घरी आणू नयेत. ती मरतात.

आणखी एक. घरातला कूलर, टाकी, टायर, फुटके डबे यांत साचलेले पाणी दर आठवड्याला ओतून टाकलेच पाहिजे. डेंग्यूचा डास तिथे वाढतो. पण तोच नियम शिवारातल्या आणि जंगलातल्या डबक्याला लावून त्यात जळके ऑइल किंवा औषध टाकू नये. तिथे चतुराची पिल्ले असतात, पाणकिडे असतात, मोठ्या बेडकाची पिल्ले असतात. हे सारे डासांच्या अळ्या खातात. जळक्या ऑइलने तेही मरतात.

ज्यांना सेमाडोहपर्यंत जाणे जमणार नाही, त्यांनी आपल्याच गावाबाहेरच्या पडीक जागेत, रेल्वे रुळाच्या कडेला, वीटभट्टीच्या खड्ड्यात पावसाळ्यात जाऊन पाहावे. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अचलपूर, कुठेही हे जीव भेटतील. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांना एक खूण करायला सांगावी. यंदा पहिला बेडूक कोणत्या तारखेला ओरडला, डबके कोणत्या तारखेला भरले, कधी आटले, आणि मधल्या काळात पायांचे पिल्लू बाहेर पडले की नाही. दिवाळीनंतर कॅलेंडर फेकू नये, त्या खुणा वहीत उतरवून घ्याव्यात. चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या की आपल्या शिवाराचा पाऊस कसा बदलतो आहे ते घरातले लेकरूच आपल्याला सांगेल.